प्रांजलचा कौल

डावीकडे जायचं, हे प्रांजल शेडगेला कळायच्या आधी लोकांना कळलं.

सामना ऐन रंगात आला होता. क्रीडागृह खच्चून भरलेलं. प्रांजल चढाईला निघाली, तोंडात 'कबड्डी कबड्डी' चालू, दम छातीत बांधून ठेवलेला. समोर सात जणींची साखळी. उजव्या कोपऱ्यातली पोरगी जरा पुढं सरकलेली दिसली म्हणून तिनं तिला एक हूल दिली, मागं आली, पुन्हा पुढं झाली. कुठं शिरायचं ते अजून ठरलं नव्हतं. एवढ्यात डाव्या बाजूच्या गॅलरीतून आरोळी उठली. नेम धरून मारावी तशी, फक्त त्याच बाजूनं. आणि मग तिचा पाय डावीकडे पडला. आरोळी आधी, पाय नंतर. डावी कोपरारक्षक आमंत्रण आल्यासारखी वाटच बघत होती. तिनं घोटा धरला, बाकीच्या अंगावर कोसळल्या, आणि पंचांची शिट्टी वाजली.

बाहेर येऊन बसल्यावर लोंढे मॅडमनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. मॅडम तिच्या प्रशिक्षक. बोलायला फटकळ, पण पोरींवर जीव.

"मॅडम, ते आधी ओरडले. मी नंतर गेले."

"माहितीय. वर पडद्यावर कौल आला होता. डावा, शंभरात एक्क्याऐंशी."

"मी तर ठरवलंसुद्धा नव्हतं."

"तू ठरवलं होतंस गं," मॅडम म्हणाल्या, "तुला सांगायचं राहिलं होतं."

हा कौल, म्हणजे चढाई कुठं जाणार याचं यंत्रानं केलेलं भाकीत, मुळात जुगारासाठी नव्हता. तो निघाला गुडघ्यासाठी. चढाई करणाऱ्या पोरींचे गुडघे फार जायचे. पळता पळता अंग एकीकडे वळे, पाय दुसरीकडे राही आणि आतला अस्थिबंध सुतळीसारखा तुटे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी केतकर यांनी त्यावर उपाय शोधला. धाग्यात धातूचे बारीक तंतू विणलेला एक बनियन आणि पोटऱ्यांपर्यंत येणारी विजार त्यांनी तयार केली, सोबत कपाळाला बांधायची पट्टी. प्रांजलचा डावा गुडघा एकदा गेलेला, त्यामुळे हे कपडे पहिल्यांदा घालणाऱ्या पोरींत तीही होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तेव्हा समजावून सांगितलं होतं.

"फोडणी द्यायच्या आधी तेल तापवतेस ना? तसंच शरीराचं आहे. पाय उचलायच्या आधी मेंदू तयारीला लागतो, मग कमरेचे, मांडीचे, पोटरीचे स्नायू. त्या प्रत्येक ठिकाणी अगदी क्षीण अशी वीज खेळते. ती या धाग्यांना कळते. तुझ्या हजारभर चढाया यंत्रानं पाहिल्या की त्याला तुझी तऱ्हा समजते. पुढच्या क्षणी पाय कसा पडणार आणि गुडघ्यावर किती ताण येणार, हे ते आधी सांगू शकतं."

"माझ्या आधी?"

"कधी कधी तुझ्याही आधी. निर्णय मेंदूत होतो, आणि निर्णय झाल्याची बातमी तुला जरा मागाहून मिळते. सगळ्यांचंच असं असतं. तुझ्यासारख्या कसलेल्या खेळाडूंत ते जास्त स्वच्छ दिसतं."

गुडघे खरोखरच वाचले. प्रांजल आज मैदानात उभी होती ती त्या कपड्यांमुळेच. पण पाय कुठं पडणार हे ज्याला आधी कळतं, त्याला भाव येतो. लीगच्या मालकांनी ते यंत्र विकत घेतलं आणि प्रत्येक चढाईवर पैज लावायची सोय केली. उजवीकडे की डावीकडे, गुण की पकड. चढाई तीस सेकंदांची. त्या तीस सेकंदांत यंत्राचा आकडा पाण्यावरच्या बुडबुड्यासारखा हलत राहायचा आणि लोक त्याच्यामागे धावायचे.

प्रेक्षकांच्या आरोळीनं खेळच बिघडू लागला, तेव्हा त्यावर तोडगा असा काढला की प्रेक्षकच काढून टाकले. सामने रिकाम्या क्रीडागृहात होऊ लागले. मॅटवर पडलेल्या अंगाचा आवाज भिंतीवर आदळून परत यायचा. टीव्हीवरही सामना दाखवायचा नाही, फोनवरही नाही. ज्याला बघायचा असेल त्यानं कौल केंद्रात जावं.

कौल केंद्रं तोवर गावोगाव झाली होती. प्रांजलच्या शिरसगावात बाजारपेठेच्या तोंडाशी, जुन्या कापड दुकानाच्या जागेत एक उघडलं होतं. एके काळी याच रस्त्यावर पानपट्टीच्या मागं मटक्याचा आकडा चालायचा. लोक तोंड चुकवत जायचे, स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा आणि प्रेत दिसलं तर कुठला, यावर कुजबुजायचे. पोलीस आले की पळायचे. पुढं जुगार फोनमध्ये शिरला. पानपट्टी निदान दिसायची तरी. फोनमधला जुगार पांघरुणात चालायचा. घरातल्यांना कळायचं तेव्हा घर विकायची वेळ आलेली असायची. मग सरकारनं फोनवरचं सगळं बंद केलं आणि परवान्याची केंद्रं काढली. चारचौघांत, उजेडात, मर्यादा घालून काय ते खेळा, असं त्यामागचं म्हणणं. काचेचा दरवाजा, थंडगार हवा, गुबगुबीत खुर्च्या, चहा फुकट. निवृत्त मास्तर येऊ लागले. बचत गटाची बैठक आटोपून बायका येऊ लागल्या. जुगार हा शब्द कुणी उच्चारीना. देवाच्या अंगाला कळ्या लावून लोक कौल मागतात, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तोच शब्द कंपनीनं उचलला होता. "जरा कौल लावून येतो," असं म्हणून माणूस घरातून निघायचा आणि देवळात निघाल्यासारखा दिसायचा.

प्रांजलचे वडील हणमंत शेडगे त्या केंद्रात पाय ठेवतील असं कुणी पैजेवरसुद्धा म्हटलं नसतं. अण्णा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचे पंच. अख्ख्या तालुक्यात त्यांचा दरारा. सामन्याच्या दिवशी कुठल्याच संघाचा चहा घ्यायचे नाहीत. घरून तांब्या न्यायचे. सख्ख्या मेहुण्याच्या संघाला त्यांनी शेवटच्या चढाईवर बाद दिलं, तर प्रांजलच्या त्या मामानं कित्येक वर्षं त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मटक्याच्या त्या पानपट्टीवरून ते सुपारीसुद्धा घ्यायचे नाहीत. प्रांजलला मैदानात उतरवलं त्यांनीच. चुलते-मालते नाकं मुरडत असताना "पोरगी खेळणार" एवढे दोनच शब्द बोलले होते.

पण पोरीचा सामना बघायचा तर दुसरी जागा नव्हती. आणि केंद्रात नुसतं बसता येत नसे. खुर्ची हवी तर निदान एक कौल लावावाच लागे. अण्णांनी पहिल्या दिवशी लाजत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, पोरीला गुण मिळणार या बटणावर बोट ठेवलं. प्रांजलनं त्या चढाईत दोघींना बाद केलं. शेजारच्यांनी अण्णांची पाठ थोपटली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचातरी फुकटचा चहा घेतला.

प्रांजलला हे आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा ती हसली होती. तिला बरंच वाटलं होतं. रिकाम्या क्रीडागृहात खेळताना आता कुठंतरी आपला माणूस आपल्याकडे बघतोय, एवढा तरी आधार.

हंगामाच्या मध्यात तिच्या संघाला सुट्टी मिळाली तेव्हा ती घरी आली. भर दुपारी आईनं ताट मांडलं आणि म्हणाली, "अण्णा केंद्रात असतील. जा, हाक मारून आण. माझी हाक त्यांना ऐकू येत नाही आता."

"आई, तुझ्या आवाजात असं काय?"

"काही नाही बाई. दारू पिणाऱ्याचा निदान वास तरी येतो. हे गंध लावून जातात आणि गंध लावून येतात."

प्रांजल केंद्रात शिरली तशी माणसं उठून उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी फोटो काढले. पडद्यावर दुसऱ्याच दोन संघांचा सामना चालू होता. अण्णा पुढच्या रांगेत होते. कोपऱ्यातली खुर्ची केव्हाच सुटली होती. केंद्राचा व्यवस्थापक, गुळगुळीत दाढीचा माणूस, कौतुकानं म्हणाला, "ताई, तुमचे अण्णा म्हणजे आमच्या केंद्राची शान. गेल्या सामन्यात तुमची ती शेवटून दुसरी चढाई नव्हती का? सगळे गुणावर, आणि अण्णा एकटे पकडीवर! काय डोकं आहे!"

प्रांजलला ती चढाई आठवली. तीन जणींनी तिला कमरेतून उचलून आपटलं होतं. खांदा अजून दुखत होता.

अण्णा उठले. चप्पल शोधायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

दोघं घराच्या रस्त्याला लागले. मग प्रांजल म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्याविरुद्ध लावलं?"

"तुझ्याविरुद्ध कशाला लावीन मी? लेकराच्या विरुद्ध कुणी जातं का?"

"मग पकड म्हणजे काय?"

"कौल ऐनवेळी पकडीकडे वळला होता, बाळ. मी यंत्राच्या बाजूनं लावलं. तुझ्या विरुद्ध न्हाई." ते थांबले. "आणि आता खरं सांगू का? मी पंच होतो. पंचाला पोरगी नसती, मेव्हणा नसतो. जे दिसतं ते द्यायचं. तिथं बसून मी तेच करतोय."

हे ते अगदी मनापासून बोलले. ते स्वतःला फसवत होते की खरंच त्यांना तसं वाटत होतं, हे तिला कळेना. आणि दुसरी शक्यता तिला पहिलीपेक्षा वाईट वाटली.

सुट्टी संपून ती संघात परतली ती डोक्यात एक किडा घेऊन. चढाईला निघाली, दम धरला, की मनात यायचं: आता अण्णांचं बोट कुठल्या बटणावर असेल? माझा आकडा काय दाखवत असेल? हा विचार यायला आणि पाय अर्धा क्षण अडखळायला एकच गाठ पडायची. ते अडखळणंही त्या कपड्यांना समजायचं. पकडीचा आकडा वर चढायचा. लोंढे मॅडमना चढायांच्या मध्ये आकडे मिळत असत. तिचा आकडा पडला की त्या तिला बसवून दुसरीला पाठवत.

"मॅडम, मी गेले असते तर गुण आणला असता."

"आणला असतास. पण मी यंत्राचं न ऐकता तुला पाठवलं आणि तू पडलीस, तर वर जाब मला द्यावा लागतो. ऐकलं आणि हरले तर कुणी विचारत नाही."

मॅडमच्या आवाजात फटकळपणा राहिला नव्हता. त्यांचेही निर्णय आता यंत्रच घेत होतं, एवढंच.

प्रांजलनं मग एक युक्ती काढली. निर्णय मेंदूत आधी होतो ना? मग मेंदूला निर्णय घेऊच द्यायचा नाही. क्रीडागृहाच्या भिंतीवर चढाईचं घड्याळ होतं. मध्यरेषा ओलांडून समोर गेल्यावर एकदा घड्याळावर नजर टाकायची. सम आकडा दिसला तर उजवीकडे, विषम दिसला तर डावीकडे. आतून काही ठरवायचंच नाही. घड्याळ सांगेल तिकडे अंग झोकून द्यायचं.

पहिल्याच सामन्यात यंत्र गडबडलं. उजवा कौल आणि ती डावीकडे. डावा कौल आणि ती उजवीकडे. तिला स्वतःलाच आपण कुठं जाणार ते माहीत नसायचं, मग समोरच्यांना कुठून कळणार? तिनं गुणांची रास लावली. तिच्या टाचांत लहानपणीचा हलकेपणा परत आला. सामना संपल्यावर मॅटवर उताणी पडून ती एकटीच खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी ती कुणाच्या तरी आधी पोचली होती.

असे आणखी दोन सामने झाले. मग अण्णांचा फोन आला.

"काय चालवलंयस तू?"

"जिंकतेय, अण्णा! बघितलंत ना?"

"बघितलं. हितं केंद्रात माणसं डोक्याला हात लावून बसलीत. गुरवाच्या सुनेनं बांगड्या मोडल्या. मला येऊन म्हणतात, तुमच्या पोरीनं बुडवलं. काय उत्तर देऊ मी?"

"मी गुण मिळवले. बुडवलं कसं?"

"तू सरळ खेळत न्हाईस." पंच म्हणून बाद देतानाचा तो जुना, करडा आवाज. "अंगात एक आणि करतीस भलतंच. माणसं विश्वासानं कौल लावतात. खेळाडूनं जसं आहे तसं खेळावं. ही लबाडी आहे, प्रांजल. मी शिकवलं न्हवतं तुला हे."

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून केंद्रातला गलका ऐकू येत होता. अण्णांनी फोन ठेवला नव्हता. ते बहुतेक पुढच्या चढाईकडे वळले होते.

लहानपणी ज्या माणसानं 'हूल कशी द्यायची' हे अंगणात खडूनं रेघ मारून तिला शिकवलं, त्याच माणसाला आता तिची हूल लबाडी वाटत होती.

आणि तसं वाटणारे ते एकटे नव्हते. त्याच आठवड्यात लीगच्या कार्यालयातून बोलावणं आलं. विनय सबनीस नावाचे गृहस्थ, अतिशय मृदू बोलणारे, तिच्यासमोर बसले. डॉ. केतकरही होत्या, पण खिडकीकडे तोंड करून.

"प्रांजल, यंत्रानं तुमची घड्याळाची युक्ती ओळखली आहे," सबनीस म्हणाले. "तुमची नजर वर जाते, तो क्षण आता त्याला कळतो. घड्याळ तर आम्हालाही दिसतंच. त्यामुळे यापुढे तिचा उपयोग नाही. पण मुद्दा वेगळाच आहे. ठरवून कौल चुकवणं हे नियमात बसत नाही. निकालाशी केलेली छेडछाड म्हणतात त्याला."

"मी हरण्यासाठी काही केलं नाही. जिंकण्यासाठी केलं."

"हो. पण तुम्ही तुमच्यासारख्या खेळला नाहीत."

"माझ्यासारखं म्हणजे कसं?"

सबनीस खुर्चीत वळले. त्यांनी समोरच्या पडद्याकडे नुसता हात केला. तिथं तिच्या आजवरच्या चढायांच्या रेषा एकीवर एक काढलेल्या होत्या. पाटावर कणीक मळून राहिलेल्या बोटांच्या खुणांसारख्या. म्हणजे असं.

प्रांजलनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा, यातून सुटायला काही आहे का? घड्याळ नाही, तर दुसरं काही?"

डॉ. केतकर वळल्या. "तू जे काही करशील ना, ते चार-सहा वेळा केलंस की त्याला कळेल. मी ते शिकायलाच बनवलं आहे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी गुडघ्यांसाठी बनवलं होतं गं."

प्रांजलनं तिथल्या तिथं खेळ सोडला. तिला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, अडवतील. सबनीस उलट उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "तुमची इच्छा. तुम्ही जाऊ शकता. तुमच्या चढाया अर्थात आमच्याकडे राहतील. करारात तसं आहेच." तिला वाटलं, जुनी चित्रणं म्हणत असतील. राहू देत. तिला ती पुन्हा बघायची नव्हती.

ती घरी आली. मनात एक हिशोब होता, आणि तो तिनं आईलाही बोलून दाखवला: मीच खेळत नाही म्हटल्यावर अण्णा तिथं जातील कशाला? ते गेले ते माझ्यासाठी.

सुरुवातीला तो हिशोब बरोबर आला असं वाटलं. अण्णा घरात बसून राहू लागले. तिच्याशी बोलायचे नाहीत. ताटावर बसल्यावर त्यांच्या उजव्या हाताचं बोट पाटाच्या कडेवर आपोआप दाबलं जायचं, सुटायचं, पुन्हा दाबलं जायचं. प्रांजल तालुक्याच्या शाळेत पोरींना खेळ शिकवू लागली. संध्याकाळी येऊन ती अण्णांना मुद्दाम मैदानावरच्या गमती सांगायची. ते भिंतीकडे बघत "हं" म्हणायचे. एकदा ती म्हणाली, "अण्णा, पोरींचा सामना आहे. पंच म्हणून या की." त्यांनी मान हलवली. "उघड्या डोळ्यांनी काय कळतंय त्यातलं? आत काय चाललंय ते दिसत न्हाई."

आणि मग एके दिवशी ती शाळेतून आली तर अण्णा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, गुणगुणत दारातून बाहेर पडत होते. तिच्याकडे बघून चक्क हसले. असं ते तिच्याकडे कितीतरी महिन्यांत हसले नव्हते. आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"कुठं निघाले?"

"तुला बघायला," आई म्हणाली.

प्रांजल त्यांच्या मागोमाग गेली. काचेचा दरवाजा लोटला, थंड हवा अंगावर आली, आणि पडद्यावर तिनं स्वतःला पाहिलं.

जुनं चित्रण नव्हतं ते. प्रतिस्पर्धी संघातल्या पोरीविरुद्ध प्रांजल कधीच खेळली नव्हती. मॅट नवा होता, पोशाख नवा होता. पण कमरेतून किंचित झुकणं तिचं होतं. पकडीपूर्वी डाव्या खांद्याला हिसका देण्याची सवय तिची होती. आवाज तिचा होता. लीगवाल्यांनी तिच्या सगळ्या चढायांतून, स्नायूंतल्या त्या सगळ्या क्षीण विजेतून, एक प्रांजल तयार केली होती. तिला सुट्टी लागत नव्हती, क्रीडागृह लागत नव्हतं. एक सामना संपला की दुसरा सुरू. तिच्यासारख्या आणखीही होत्या, खेळ सोडलेल्या, लग्न झालेल्या, एक तर वारलेली. सगळ्या खेळत होत्या.

केंद्रात कुणी प्रांजलकडे वळून पाहिलं नाही. फोटो काढायला कुणी उठलं नाही. ती अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. व्यवस्थापक तत्परतेनं येऊन तिच्याही खुर्चीचं बटण चालू करून गेला.

"अण्णा, ती मी नाही."

"माहितीय की." त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. "पण तुझ्यासारखीच खेळती. अगदी तू पहिल्यांदा जिल्ह्यात खेळलीस ना, तशी. बघ, बघ तिचा पाय." ते खुर्चीत पुढं सरकले. "लबाडी करत न्हाई."

चढाई संपली. त्यांचा कौल हुकला होता. ते तिच्याकडे झुकले, आणि लहानपणी मैदानावर कानात डाव सांगायचे तसे हळूच म्हणाले, "तू हायस ते बरं झालं. यंत्राचा आकडा सगळ्यांना दिसतो. पण तुला आतलं ठाऊक असणार. सांग बाळ. आता कुठं जाईल ती?"

प्रांजल उठली. "मला माहीत नाही," म्हणाली आणि बाहेर आली.

रस्त्यावर ऊन होतं. भाजीवाल्या बायका पाटीवर पाणी शिंपडत होत्या. एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा हॉर्न देत निघून गेली. इथून घर हाकेच्या अंतरावर होतं. आणि घरी गेलं की आई विचारणार, आणले का त्यांना? काचेमागून तिचाच आवाज येत होता, 'कबड्डी कबड्डी', एका दमात. दम संपायची ती वाट बघत राहिली. खऱ्या प्रांजलचा दम एवढ्यात तुटला असता, तिनं मध्यरेषेकडे धाव घेतली असती. हा तुटत नव्हता. मग आत गलका झाला आणि त्यात अण्णांचा आवाज तिला वेगळा ऐकू आला. दुखऱ्या दातावर काही लागल्यासारखा, दबलेला. कौल पुन्हा हुकला होता.

ती तिथंच उभी राहिली. खेळ सोडला होता, शहर सोडलं होतं. आता सोडण्यासारखं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आत बसलं होतं, तिच्याचकडे बघत.

ती आत गेली आणि अण्णांच्या शेजारी बसली. त्यांचं बोट बटणावरच होतं. पडद्यावरच्या पोरीनं मध्यरेषा ओलांडली. प्रांजलनं तिच्या टाचेकडे पाहिलं. उजवी टाच नखभर उचललेली होती, आणि कंबर अजून गप्प होती. तिला कळलं. यंत्राचा आकडा अजून हेलकावत होता, पण तिला स्वच्छ कळलं, आणि त्या कळण्याबरोबर तिच्या छातीत एक जुना, ओळखीचा आनंद असा काही उसळला की त्याचाच तिला धाक वाटला.

"उजवीकडे," ती म्हणाली.

अण्णांनी बटण दाबलं. मग दुसऱ्या हातानं तिचा हात धरला, घट्ट, आणि चढाई संपली तरी सोडला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खुर्ची पुढं ओढली. "ताई," त्यानं अदबीनं विचारलं, "पुढची?"